अंतराळातली 'खासगी' सफर : गाडी कोणाची, घर कोणाचं आणि तिकीट कोणी काढलं?

आदिलाबाद : २५ जून २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून १ मिनिटाने अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील केनेडी अंतराळ केंद्रातून फाल्कन ९ रॉकेट उडाले. त्याच्या टोकावरच्या ड्रॅगन यानात भारतीय हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला होते. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास यान आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडले गेले. राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले होते, त्यानंतर ४१ वर्षांनी एक भारतीय अंतराळात पोहोचला. आंतरराष्ट्रीय स्थानकात पाय ठेवणारा तर तो पहिलाच भारतीय.

या मोहिमेचं नाव ॲक्सिअम-४. बातम्यांमध्ये तिचा उल्लेख 'खासगी मोहीम' असा झाला आणि तिथूनच गोंधळ सुरू झाला. कोणी म्हणालं, शुक्ला पैसे भरून पर्यटक म्हणून गेले. कोणी म्हणालं, इस्रोने आपल्या रॉकेटने पाठवलं. पहिलं म्हणणं चूक, आणि दुसऱ्यातही रॉकेटची गोष्ट चूक. शुक्ला इस्रोच्याच वतीने गेले, पण गाडी इस्रोची नव्हती.

यात्रा कंपनीचा हिशेब

आपल्याकडे यात्रा कंपनी चारधाम किंवा काशीची सहल काढते तेव्हा काय होतं? बस एका मालकाची, धर्मशाळा दुसऱ्याची. कंपनी नियोजन करते, सोबत जाणता माणूस देते आणि सगळ्याचे मिळून पैसे घेते. ॲक्सिअम-४ चं तंतोतंत तसंच होतं.

यात्रा कंपनी म्हणजे ॲक्सिअम स्पेस. ह्यूस्टनच्या या कंपनीची स्थापना २०१६ मध्ये झाली. संस्थापकांपैकी मायकेल सफ्रेडिनी हे त्याआधी नासात याच स्थानकाचे व्यवस्थापक होते. बस म्हणजे फाल्कन रॉकेट आणि ड्रॅगन यान, दोन्ही इलॉन मस्क यांच्या स्पेसएक्सचं. धर्मशाळा मात्र सरकारी. अमेरिका, रशिया, युरोप, जपान आणि कॅनडा या पाच भागीदारांच्या अंतराळ संस्थांनी ती बांधली. जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर हे स्थानक ताशी २८ हजार किलोमीटर वेगाने फिरतं आणि २ नोव्हेंबर २००० पासून ते एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. सोबतचा जाणता माणूस म्हणजे कमांडर पेगी व्हिटसन. नासातून निवृत्त होऊन ॲक्सिअममध्ये आलेल्या बाई. ही मोहीम संपली तेव्हा त्यांचे अंतराळातले एकूण दिवस ६९५ झाले. खासगी मोहिमेचा कमांडर नासाचा माजी अंतराळवीरच असावा, अशी नासाची तेव्हा अट होती.

राहिले तीन प्रवासी. शुक्ला भारताचे, स्लावोश उझनान्स्की पोलंडचे आणि टिबोर कापू हंगेरीचे. या तिघांनी खिशातून एक पैसा दिला नाही, त्यांची तिकिटं त्यांच्या सरकारांनी काढली. म्हणजे नियोजन खासगी, गाडी खासगी, पण घर सरकारी आणि पैसाही सरकारी. 'खासगी' या शब्दाने जे चित्र डोळ्यांसमोर येतं, त्याच्या हे बरंच उलटं आहे.

आधी शेठलोक, मग सरकारं

सुरुवात मात्र खरोखर पैसेवाल्यांपासून झाली. डिसेंबर १९९० मध्ये जपानच्या टीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीने सोव्हिएत सरकारला पैसे देऊन आपला पत्रकार तोयोहिरो अकियामा याला मीर स्थानकावर पाठवलं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर मीर चालवायला रशियाकडे पैसा उरला नाही. तेव्हा मीरकॉर्प नावाच्या कंपनीने ते भाड्याने घेतलं. कंपनीच्या गुंतवणूकदारांत चिरंजीव कथुरिया हे भारतीय वंशाचे अमेरिकी उद्योजकही होते. एप्रिल २००० मध्ये दोन रशियन अंतराळवीर खासगी पैशावर मीरवर जाऊन आले. स्थानकावर गेलेली खासगी खर्चाची पहिली समानव मोहीम ती. पुढे मात्र डाव फसला आणि मार्च २००१ मध्ये मीर प्रशांत महासागरात पाडलं गेलं.

मीरची तिकिटं काढून बसलेला अमेरिकी धनिक डेनिस टिटो मग सरळ आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेला. तारीख २८ एप्रिल २००१, भाडं सुमारे २ कोटी डॉलर. नासाचा त्याला विरोध होता. रशियाने ऐकलं नाही. पुढच्या आठ वर्षांत असे एकूण सात पर्यटक रशियाच्या सोयूझ यानातून वर गेले. २०११ मध्ये अमेरिकेची स्पेस शटल बंद झाली. मग नासाच्याच लोकांना सोयूझच्या जागा विकत घ्याव्या लागू लागल्या आणि पर्यटकांची गाडी थांबली.

२०२० मध्ये ड्रॅगन माणसं नेऊ लागलं तसं चित्र पालटलं. त्याच्या एक वर्ष आधी, जून २०१९ मध्ये, नासाने खासगी मोहिमांना दार उघडलं होतं : वर्षाला जास्तीत जास्त दोन, आणि माणशी एका रात्रीचे सुमारे ३५ हजार डॉलर. हे फक्त राहण्या-खाण्याचे, प्रवासभाडं वेगळं. हा दरही नंतर वाढवण्यात आला.

एप्रिल २०२२ च्या ॲक्सिअम-१ मध्ये तीन धनिक होते. माणशी सुमारे साडेपाच कोटी डॉलर मोजल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. हवामान बिघडल्याने दहा दिवसांची सहल सतरा दिवसांवर गेली. मे २०२३ च्या ॲक्सिअम-२ मध्ये एक धनिक आणि सौदी सरकारने पाठवलेले दोन जण. जानेवारी २०२४ च्या ॲक्सिअम-३ मध्ये इटली, तुर्की आणि स्वीडन, शेठ एकही नाही. आणि ॲक्सिअम-४ मध्ये भारत, पोलंड, हंगेरी. चार मोहिमांतच गिऱ्हाईक बदललं. अब्जाधीश मोजकेच असतात, आणि एकदा जाऊन आला की बहुतेक जण दुसऱ्यांदा जात नाहीत. स्वतःचं माणूसवाहू रॉकेट नसलेले देश मात्र पुष्कळ आहेत. कंपन्यांना ही गोष्ट लवकर कळली.

साडेपाचशे कोटींत काय आलं?

शुक्ला यांची जागा, त्यांचं आणि राखीव अंतराळवीर प्रशांत नायर यांचं प्रशिक्षण, असा सगळा मिळून भारताचा खर्च सुमारे ५५० कोटी रुपये झाला. चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी होता. एका माणसाच्या वीस दिवसांच्या प्रवासाला जवळजवळ एका चांद्रमोहिमेचा पैसा! प्रश्न पडणं साहजिक आहे आणि तो विचारायलाही हवा.

सरकारची बाजू अशी की भारताची स्वतःची समानव मोहीम, गगनयान, तोंडावर आली आहे. २०२४ मध्ये वाढवलेला तिचा एकूण निधी २०,१९३ कोटी रुपये आहे. त्या मानाने ५५० कोटी म्हणजे शिकवणीची फी. माणूस वर पाठवताना डॉक्टरांनी काय पाहायचं, जमिनीवरच्या पथकाने रात्रंदिवस कसं काम करायचं, वजनरहित अवस्थेतून आलेल्या माणसाला पुन्हा चालायला किती दिवस लागतात, हे पुस्तक वाचून येत नाही.

या शिकवणीतला सगळ्यात मोलाचा धडा मात्र उड्डाणाच्या आधीच मिळाला. मोहीम २९ मेची होती, ती जूनमध्ये गेली, मग हवामानाने अडली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रॉकेटच्या तपासणीत द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली. इस्रोचं पथक तिथे हजर होतं. नुसती मलमपट्टी चालणार नाही, गळती पूर्ण दुरुस्त करा आणि पुन्हा चाचणी घ्या, असा आग्रह त्यांनी धरला. दुरुस्तीत नळीला तडा गेल्याचं निघालं. तसंच उडालं असतं तर मोठा अनर्थ झाला असता, असं इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. त्यानंतर स्थानकाच्या रशियन भागातल्या हवागळतीमुळे आणखी काही दिवस गेले.

तिकीट काढलेल्या प्रवाशाने गाडीखाली वाकून बघावं आणि 'आधी हे नीट करा, मग बसतो' म्हणावं, असा हा प्रकार. प्रवाशामागे अनुभवी सरकारी संस्था उभी होती म्हणून हे जमलं. एकट्या शेठला ते जमलं असतं का, शंका आहे. अमेरिकी कायद्यात आजही खासगी अंतराळप्रवाशाने 'धोका समजला' असं लिहून द्यायचं असतं, आणि प्रवाशांच्या सुरक्षेचे सविस्तर नियम करायला तिथल्या विमान वाहतूक खात्याला १ जानेवारी २०२८ पर्यंत मनाई आहे. उद्योग नवा आहे, त्याला आधी शिकू द्या, हे त्यामागचं कारण. विमान किंवा एसटीच्या प्रवाशाला असं काही लिहून द्यावं लागत नाही.

मेथी, मूग आणि साखरेची बिमारी

स्थानकात शुक्ला १८ दिवस राहिले. मोहिमेत ३१ देशांचे मिळून सुमारे ६० प्रयोग होते, त्यातले सात भारतीय संशोधकांचे. आपल्या भागातल्या कास्तकारांना जवळचा वाटावा असा एक म्हणजे मेथी आणि मूग यांना वजनरहित अवस्थेत कोंब आणण्याचा. तो धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि तिथल्याच आयआयटीचा. धारवाडही आपल्यासारखंच, मराठी-कन्नडच्या शिवेजवळचं. बिया पाण्याने भिजवल्या, कोंब आले, त्यांचे फोटो काढले आणि ते गोठवून परत आणले. मुळं खाली आणि कोंब वर, हे गुरुत्वाकर्षणाच्या इशाऱ्यावर चालतं. तो इशाराच नसेल तर रोप कसं वाढतं आणि त्यातल्या पोषक घटकांचं काय होतं, हे पाहायचं होतं. बाकीचे प्रयोग स्नायूंवर, शेवाळावर आणि टार्डिग्रेड नावाच्या, कशातही जिवंत राहणाऱ्या सूक्ष्म जिवावर.

याच मोहिमेत मधुमेहावरचंही काम झालं. रक्तातली साखर सतत मोजणारी यंत्रं आणि इन्सुलिन अंतराळात नीट राहतात का, हे तपासलं गेलं. आजवर इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला अंतराळवीर होता आलेलं नाही. ते दार पुढे उघडायचं असेल तर सुरुवात इथून आहे.

अठरा दिवसांत शेतीत क्रांती होईल असं कोणी मानू नये. हे बीजाचे प्रयोग आहेत, पिकाचे नव्हेत. १५ जुलैला यान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात उतरलं.

जे घर अजून बांधलंच नाही

'व्यावसायिक अंतराळ स्थानक' हा शब्द बातम्यांत सतत येतो, पण ॲक्सिअमच्या चारही मोहिमा गेल्या त्या सरकारी स्थानकावर. माणसं राहतील असं खासगी मालकीचं स्थानक या चारही मोहिमांच्या काळात अंतराळात नव्हतं. चीनचं तियांगोंग आहे, तेही पूर्ण सरकारी.

घाई मात्र खरी आहे. आंतरराष्ट्रीय स्थानक म्हातारं झालंय. २०३० पर्यंत ते चालवायचं आणि मग दक्षिण प्रशांत महासागरात, माणूसवस्तीपासून सगळ्यात दूरच्या भागात पाडायचं, असं ठरलंय. त्यासाठीचं ढकलयान बांधण्याचं सुमारे ८४ कोटी डॉलरचं काम नासाने जून २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलं. त्याच्या जागी नासा दुसरं घर बांधणार नाही, भाड्याने राहणार.

त्या भाडेकरूसाठी चार कंपन्या खोल्या बांधतायत, निदान कागदावर तरी. ॲक्सिअम आपला पहिला भाग आंतरराष्ट्रीय स्थानकालाच जोडणार आणि पुढे तो सुटा करून स्वतंत्र स्थानक उभं करणार. व्हास्ट ही कॅलिफोर्नियाची कंपनी हेवन-१ नावाची एकच खोली पाठवणार. वापरण्याजोगी जागा ४५ घनमीटर, म्हणजे साधारण चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच खोली. त्यात चार माणसं, मुक्काम दोनेक आठवड्यांचा. ही खोली आधी ऑगस्ट २०२५ मध्ये जाणार होती, मग मे २०२६ ठरलं, तेही पुढे सरकलं. स्टारलॅब या प्रकल्पात अमेरिकेची व्हॉयेजर आणि युरोपची एअरबस आहे, आणि ते अख्खं स्थानक एकाच महाकाय रॉकेटने नेण्याचा बेत आहे. ब्लू ओरिजिनच्या ऑर्बिटल रीफची हालचाल सध्या सगळ्यात मंद दिसते. डिसेंबर २०२१ मध्ये नासाने तीन गटांना मिळून ४१ कोटी डॉलरहून जास्त दिले होते. त्यातल्या नॉर्थरॉपने २०२३ मध्ये स्वतःचा बेत सोडला आणि ती स्टारलॅबमध्ये गेली. म्हणजे इथेही बांधकामाला पहिला हात सरकारचाच.

ही घरं वेळेत झाली नाहीत तर २०३० नंतर तियांगोंग सोडून माणसाला वर राहायला जागाच उरणार नाही. भारतासाठी हा प्रश्न दूरचा नाही. भारतीय अंतरिक्ष स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचं, त्याचा पहिला भाग २०२८ मध्ये पाठवायचा, असं उद्दिष्ट आहे. मधल्या काळात भारतीयांना सरावासाठी जागा हवी असेल तर ती भाड्याचीच असणार.

वरचं खाली येतं तेव्हा

आपल्या जिल्ह्याला अंतराळाची ओळख दोन वेळा भलत्याच मार्गाने झाली. जुलै १९७९ मध्ये अमेरिकेचं स्कायलॅब स्थानक कोसळणार म्हणून तेलंगणातल्या गावागावांत घबराट पसरली होती. ते शेवटी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात आणि समुद्रात पडलं. त्या भीतीवर २०२१ मध्ये 'स्कायलॅब' नावाचा तेलुगू चित्रपटही आला. दुसरी वेळ अगदी शेजारची. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. परिसरात धातूचे गोळेही सापडले. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा तो भाग असावा, असा जाणकारांचा अंदाज. सुदैवाने कोणी जखमी झालं नाही.

अशा वेळी भरपाई कोण देणार? १९६७ च्या अंतराळ करारानुसार खासगी कंपनीने केलेल्या कामाचीही जबाबदारी तिच्या देशावर येते. १९७२ च्या दायित्व करारानुसार जमिनीवर नुकसान झालं तर चूक सिद्ध करण्याचीही गरज नाही, प्रक्षेपण करणाऱ्या देशाने ते भरून द्यायचं. पण दावा सरकारने सरकारकडे करायचा. लाडबोरीच्या माणसाला थेट बीजिंगला पत्र लिहिता येत नाही. खासगी स्थानकं वाढतील तशी वर जाणारी आणि खाली येणारी दोन्ही रहदारी वाढणार, म्हणून हे माहीत असलेलं बरं.

इथल्या लेकरांसाठी

अंतराळात जाणाऱ्याला मराठीत अंतराळवीर म्हणतात, तेलुगूत व्योमगामी आणि इस्रो गगनयात्री. आदिलाबादच्या पोराला तिन्ही शब्द कानावर पडतात. वाट मात्र एकच नाही.

हैदराबादशी नातं जुनं आहे. राकेश शर्मा तिथे वाढले, निजाम कॉलेजात शिकले. नासाचे राजा चारी यांचे वडील हैदराबादहून अमेरिकेत गेलेले. तेच चारी २०२१ मध्ये ड्रॅगनमधून स्थानकावर गेले होते, पण नासाच्या नेहमीच्या मोहिमेवर. कामधंद्याच्या दृष्टीने पाहिलं तर १८ नोव्हेंबर २०२२ रोजी देशातलं पहिलं खासगी रॉकेट विक्रम-एस उडवणारी स्कायरूट कंपनी हैदराबादचीच, आणि इस्रोच्या विकास इंजिनाचे भाग बनवणारी एमटीएआरही तिथलीच. अंतराळात जाणारे हजारात एक नव्हे, कोटीत एक. रॉकेटवर काम करणारे अभियंते, वेल्डर, यंत्रकारागीर मात्र शेकड्यांनी लागतात. बासरच्या आरजीयूकेटीत शिकणाऱ्यांना हा हिशेब सांगायला नको.

ज्याला वरच जायचंय त्याच्यासाठी सध्याचा रस्ता लष्करी आहे. गगनयानसाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक. शुक्ला पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, शिकून हवाई दलात आले. हवाई दलाची अकादमी दुंडीगलला, हैदराबादजवळ. एक संस्था महाराष्ट्रात, एक तेलंगणात.

एनडीएच्या हवाई दल शाखेसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. परीक्षा लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. केंद्र हैदराबादलाही आहे आणि नागपूरलाही, आदिलाबादहून नागपूर जवळ पडतं. अडचण भाषेची. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी माध्यमात शिकून पुढे तेलुगू किंवा इंग्रजीत गेलेल्या इथल्या मुलांचं गणित पक्कं असलं तरी इंग्रजीचा पेपर त्यांना अडवतो. म्हणून तयारी बारावीनंतर नाही, नववीपासून इंग्रजी वाचनाने सुरू करावी लागते.

मुलींना ही परीक्षा नोव्हेंबर २०२१ पासून खुली झाली. शुक्ला वर जाण्याच्या महिनाभर आधी, ३० मे २०२५ रोजी, एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या सतरा जणी होत्या.